कॅपची मागची बाजू : चाकाच्या सेंटर कॅपचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यात कर्वेनगरला राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांच्या गाडीचे आहे. ओळख पटू नये म्हणून त्यांचे नाव, गाडीची कंपनी आणि संबंधित दुकाने यांचा उल्लेख टाळला आहे. घटनांचा क्रम, मापे आणि खर्च मात्र होते तसेच दिले आहेत. मी त्यांच्याच सोसायटीत राहतो आणि मोटार मेकॅनिकचा विषय बरीच वर्षे शिकवत आलो असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत आला. तो आला तेव्हा त्यातला निम्मा बिघाड होऊन गेलेला होता.

गाडी सात वर्षे वापरलेली हॅचबॅक. चारही चाके कंपनीतूनच आलेली अलॉयची, प्रत्येकाला चार नट, आणि मध्यभागी कंपनीचे चिन्ह असलेली चंदेरी प्लॅस्टिकची गोल टोपी. स्टेपनी साध्या पोलादी डिस्कची असल्याने तिला ही टोपी नव्हती. या टोपीला कोणी सेंटर कॅप म्हणतो, कोणी व्हील कॅप, आणि त्यात थोडा घोटाळा होतो, कारण पोलादी डिस्कवर बसणाऱ्या ताटाएवढ्या कव्हरलाही लोक व्हील कॅपच म्हणतात. येथे विषय फक्त मधल्या लहान टोपीचा आहे.

तिचे काम फारसे मोठे नाही. पुढच्या चाकांच्या मधल्या छिद्रातून ॲक्सलचा मोठा नट दिसतो आणि मागच्या चाकांच्या छिद्रातून बहुधा बेअरिंगवरची पत्र्याची टोपी दिसते. त्यांवर चिखल व पाणी थेट उडू नये आणि चाक बघायला बरे दिसावे, एवढ्यासाठी ती असते. बेअरिंगला स्वतःचे सील असते, त्यामुळे कॅप पडली म्हणून गाडी चालवणे धोक्याचे होत नाही. काही गाड्यांत कॅप नटांखाली दाबून धरलेली असते, काहींत ती आट्यांवर फिरवून बसवतात. परंतु बहुसंख्य अलॉय चाकांत ती केवळ दाबून बसते. तिच्या मागच्या बाजूला गोलाकार पाकळ्या असतात, प्रत्येक पाकळीला बाहेरच्या अंगाने एक दात असतो, आणि पाकळ्यांच्या आतून स्प्रिंगच्या तारेची एक रिंग त्यांना बाहेर रेटत असते. दात चाकातील खाचेत अडकले की कॅप बसली. या रिंगकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि या प्रकरणात तर ती सगळ्यात शेवटी लक्षात आली.

अडचण कशी सुरू झाली

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, गृहस्थांनी चारही टायर बदलून घेतले. नवे टायर चढवले की बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे करून घेणे, करावे लागते, आणि बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक बसवताना मधल्या छिद्रातून दांडा जातो व शंकूच्या आकाराचा तुकडा चाकाला मधोमध धरतो. म्हणजे सेंटर कॅप काढल्याशिवाय बॅलन्सिंग होतच नाही. गाडीच्या मालकाने आयुष्यात एकदाही कॅपला हात लावला नसला, तरी टायरच्या दुकानात ती प्रत्येक वेळी निघते आणि परत बसते. त्या दिवशी चारही कॅप निघाल्या, काम संपल्यावर तळहाताच्या फटक्याने परत बसल्या, आणि गृहस्थ बिल देऊन घरी आले.

तीन दिवसांनी ते पत्नीसह साताऱ्याला गेले. परतीच्या वाटेवर खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळला चहासाठी थांबले असता मागच्या डाव्या चाकाची कॅप नाही, असे पत्नीच्या लक्षात आले. ती कुठे पडली हे कळण्याचा मार्ग नव्हता आणि महामार्गावर शोधत मागे जाण्यात अर्थ नव्हता. इथपर्यंत नुकसान एका कॅपचे होते.

दुसऱ्या दिवशी ते टायरच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने अदबीने सांगितले, “काका, आम्ही बसवली तेव्हा नीट बसली होती, रस्ते कसे आहेत तुम्ही बघताच.” बिलावर कॅपचा उल्लेख नव्हता, गाडी बाहेर काढताना कोणी कॅप तपासल्या नव्हत्या, आणि मधे तीन दिवस व अडीचशे किलोमीटर गेले होते. त्यांनी वाद घातला नाही, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. मात्र उरलेल्या तीन कॅप एकदा ओढून बघा, एवढे म्हणायला त्यांना काहीच खर्च नव्हता. ते राहून गेले, आणि पुढच्या घटना त्यातूनच घडल्या.

पहिला प्रयत्न आणि वाढलेले नुकसान

नवी कॅप घ्यायची तर नमुना सोबत हवा, म्हणून पुढच्या उजव्या चाकाची कॅप काढून ती नाना पेठेतील स्पेअर पार्टच्या दुकानांत दाखवायची, असे गृहस्थांनी ठरवले. नमुना नेण्याचा विचार अगदी बरोबर होता. चूक झाली ती पद्धतीत. चाक गाडीवरच ठेवून त्यांनी बाहेरून, कॅप आणि अलॉय यांच्या फटीत चपटा स्क्रू ड्रायव्हर घातला आणि तो चाकाच्या कडेवर टेकवून जोर दिला. कॅप निघाली, पण दोन पाकळ्या मोडून. आणि जिथे स्क्रू ड्रायव्हर टेकला होता तिथे अलॉयवर सुमारे चार सेंटिमीटरचा ओरखडा उमटला.

या ओरखड्याविषयी थोडे थांबून लिहिणे आवश्यक आहे, कारण या संपूर्ण प्रकरणात खरोखर महाग काही असेल तर ते हेच. अलॉय चाकावर रंगाच्या वर पारदर्शक लॅकरचा थर असतो. तो थर फुटला की पाणी ॲल्युमिनियमपर्यंत पोहोचते, धातूवर पांढरट क्षार धरतो आणि तो लॅकरच्या खालून हळूहळू पसरत जातो. प्लॅस्टिकची कॅप बदलता येते. चाक पुन्हा रंगवून घ्यायचे तर एका चाकासाठी त्यांना अडीच हजार रुपये सांगण्यात आले होते. कॅपची किंमत त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

बाहेरूनच कॅप काढावी लागली तर ती निघत नाही असे नाही. त्यासाठी प्लॅस्टिकची पट्टी घ्यावी, तिच्या टोकावर चिकटपट्टी गुंडाळावी, कॅपच्या कडेला बारीक खाच दिलेली असल्यास तेथूनच सुरुवात करावी, आणि एकाच जागी जोर न देता पट्टी फिरवत फिरवत थोडे थोडे उचलत न्यावे. तरीही सात वर्षे ब्रेकची उष्णता खाल्लेले प्लॅस्टिक कडक आणि ठिसूळ झालेले असते, हे धरूनच चालावे लागते.

कोणते पर्याय होते

आता दोन चाके कॅपविना होती. गृहस्थांनी मोडलेली कॅप खिशात टाकून नाना पेठ गाठली आणि तिथे ४५० रुपयांना चार कॅपचा सेट घेतला. दुकानदाराने मोडकी कॅप नव्या कॅपवर ठेवून पाहिली. दर्शनी व्यास ६० मिलिमीटर, दोन्हींचा सारखाच. घरी येऊन बसवल्यावर नवी कॅप चाकात जाई खरी, पण ‘टक’ असा आवाज येईना आणि बोटाने फिरवली की फिरे. आम्ही दोघे पार्किंगमध्ये भेटलो ते या टप्प्यावर. त्या वेळी त्यांच्या हातात झटपट चिकटवण्याच्या गोंदाची ट्यूब होती.

गोंद हा पहिला पर्याय, आणि मी तो स्पष्टपणे नाकारायला सांगितला. चिकटवलेली कॅप पुढच्या बॅलन्सिंगच्या वेळी काढावीच लागणार, आणि तेव्हा ती फोडूनच निघेल. शिवाय गोंद चाकातील खाचेत भरून राहिला तर पुढे योग्य कॅपसुद्धा नीट बसणार नाही. दुहेरी टेपची कल्पनाही पुढे आली होती. पावसाचे पाणी आणि ब्रेकची उष्णता यांपुढे ती आठवडाभरही टिकली नसती.

दुसरा पर्याय काहीच न करण्याचा होता. तो वाटतो तितका वाईट नाही, आणि मी तो प्रामाणिकपणे त्यांच्यापुढे ठेवला. पावसाळ्यात हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागावर, गंज थोडा लवकर चढेल, नट चिखलाने माखेल, इतकेच. पण गृहस्थांचे समाधान होईना. “सोळा दातांपैकी दोन पडल्यासारखे दिसते,” असे ते म्हणाले. दात बत्तीस असतात हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले नाही.

जुन्या बाजारात, रविवारी किंवा बुधवारी, सुट्या जुन्या कॅप शोधण्याचाही विचार झाला. चिन्ह जुळले तरी पाकळ्या तितक्याच जुन्या आणि ठिसूळ असणार, म्हणून तो मागे पडला. उरला पर्याय कंपनीच्या अस्सल कॅपचा. त्यासाठी पार्ट नंबर हवा होता, आणि तो कुठून मिळवायचा हे गृहस्थांना माहीत नव्हते. म्हणून त्यांनी तो पर्याय आधीच बाद केला होता.

मी मोडकी कॅप मागितली. ती त्यांनी सकाळीच कोरड्या कचऱ्यात टाकली होती. सुदैवाने कचरा नेणाऱ्या ताई त्या दिवशी उशिरा येणार होत्या, म्हणून डबा अजून भरलेलाच होता.

मोडक्या कॅपने काय सांगितले

कॅप धुऊन उलटी केली तेव्हा तीन गोष्टी हाती आल्या. पाकळ्यांच्या मधल्या तळावर, काळ्या धुळीखाली, उठावदार अक्षरांत पार्ट नंबर होता. तारेची रिंग शाबूत होती. आणि मोडलेल्या दोन पाकळ्या सोडल्या तर बाकीच्या पाकळ्यांवरून मूळ माप घेता येत होते.

व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या साधनाने, मोजले. चाकातील पुढच्या बाजूचे छिद्र ५६ मिलिमीटर. जुन्या कॅपच्या पाकळ्यांचा दातांसकट व्यास ५७.५, नव्या नकली कॅपचा ५५.५. म्हणजे चेहरा अगदी तोच, आणि पकड अर्ध्या मिलिमीटरने छिद्रापेक्षाही लहान. दुकानात दोन कॅप एकमेकींवर ठेवून पाहताना हा फरक दिसणे शक्यच नव्हते, कारण तुलना तोंडांची झाली होती. पाठींची तुलना कोणी केलीच नव्हती.

येथे आणखी एक माप लोकांची दिशाभूल करते. भारतातल्या बऱ्याच लहान गाड्यांच्या हबचे माप ५४.१ मिलिमीटर असते आणि इंटरनेटवर चाकाची माहिती शोधली की हाच आकडा सेंटर बोअर म्हणून समोर येतो. तो चाकाच्या मागच्या बाजूचा, हबवर बसणाऱ्या छिद्राचा आकडा आहे. कॅप बसते ती पुढच्या बाजूच्या तोंडात, आणि ते माप वेगळे असू शकते. म्हणून कॅप घेताना तीन गोष्टी लागतात: चाकाच्या पुढच्या छिद्राचा व्यास, पाकळ्यांचा दातांसकट व्यास, आणि दात कॅपच्या तोंडापासून किती खोलीवर आहेत ते. दर्शनी व्यास सर्वांत शेवटी पाहावा.

प्रत्यक्ष काम

सेवा केंद्राच्या पार्टच्या काउंटरवर नंबर दाखवल्यावर दोन अस्सल कॅप प्रत्येकी ३१० रुपयांप्रमाणे मागवल्या गेल्या; त्या आठ दिवसांनी आल्या. तोपर्यंत काही करायचे नाही, असे ठरले होते. पण उरलेल्या दोन जुन्या कॅप तपासणे आवश्यक होते, आणि तेव्हा खरी गोष्ट उघड झाली.

एका रविवारी सकाळी पार्किंगच्या सपाट भागात गाडी उभी केली, हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकला, आणि विरुद्ध बाजूच्या चाकामागे विटा लावल्या. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा ढिले केले, मग जॅक लावला. हा क्रम उलटा करणारे लोक मी पाहिले आहेत. हवेत उचललेल्या गाडीच्या नटावर पाय देऊन टॉमी (नट फिरवण्याचा दांडा) दाबणे हा जॅकवरून गाडी पाडण्याचा सोपा मार्ग आहे. चाक काढून आडवे धरले आणि मागून हात घातला. कॅपच्या पाठीवर बोटांनी सर्व बाजूंनी समान दाब दिला असता पहिली कॅप कोणतीही कुरकुर न करता बाहेर आली. दुसरी घट्ट होती. त्यासाठी हातोड्याचा लाकडी दांडा आणण्याचा माझा विचार होता, परंतु गृहस्थांच्या पत्नींनी वरून एक जुने लाटणे आणले. त्याच्या टोकाला फडके गुंडाळून, मध्यभागी नव्हे तर पाकळ्यांच्या मुळाशी आळीपाळीने दाबले, आणि तीही निघाली.

त्यातली पहिली, सहज निघालेली कॅप उलटी केली तर तिच्यात तारेची रिंगच नव्हती. पाकळ्या चांगल्या होत्या, दात शाबूत होते, पण त्यांना बाहेर रेटणारे काही उरले नव्हते. ती केवळ मळाच्या आधाराने टिकून होती. टायरच्या दुकानात कॅप मागून ठोकताना रिंग उडाली असावी आणि झाडूबरोबर गेली असावी. साताऱ्याच्या वाटेवर पडलेल्या कॅपचेही तेच झाले असण्याची शक्यता मोठी आहे. सिद्ध करता येईल असे मात्र त्यात काही नाही. स्क्रू ड्रायव्हरने मोडलेल्या कॅपची रिंग काढून आम्ही या कॅपमध्ये बसवली. रिंगची दोन टोके जिथे जवळ येतात ती फट पाकळीच्या पाठीमागे न येता दोन पाकळ्यांच्या मधे यावी लागते, नाहीतर त्या एका पाकळीला जोर मिळत नाही.

बसवण्यापूर्वी चाकातील छिद्र ब्रश आणि साबणाच्या पाण्याने स्वच्छ केले. ब्रेकपॅडची काळी धूळ खाचेत इतकी दाबून बसली होती की दात पूर्ण उघडायला जागाच नव्हती. आठ दिवसांनी नव्या कॅप आल्या तेव्हा त्या काही मिनिटे हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवल्या, म्हणजे प्लॅस्टिक जरा नरम पडते, आणि मग पुसून, सरळ रेषेत धरून दोन्ही अंगठ्यांनी कडेकडेने फिरत दाबल्या. फटका मारला नाही. फटक्याने एक बाजू आधी आत जाते आणि समोरची पाकळी तिरकी होऊन मोडते. प्रत्येक कॅप बसल्यावर ती नखांनी ओढून व फिरवून पाहिली. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून, गाडी खाली उतरवल्यावर मॅन्युअलमधील ८५ न्यूटन-मीटरच्या मापाने टॉर्क पान्याने घट्ट केले, आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासले. कॅपसाठी चाक काढले असले तरी नटांची जबाबदारी तेवढीच राहते.

ओरखड्याची जागा बारीक पॉलिश पेपरने घासून, स्पिरिटने पुसून तिच्यावर लॅकरचे दोन हात दिले. हे काम गृहस्थांनी स्वतः केले आणि ते जवळून पाहिल्यास दिसते.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत स्वस्त संधी टायरच्या दुकानातच होती. चाके गाडीवर चढवण्यापूर्वी चारही कॅप उलट्या करून रिंग आहे की नाही हे पाहायला एक मिनिटही लागत नाही, आणि गाडी बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येक कॅप बोटांनी ओढून पाहायला त्याहूनही कमी. दुकानदाराने ते केले नाही हे खरे. पण गिऱ्हाईक तिथे खुर्चीवर बसून फोन बघत होते, हेही त्यांनी स्वतःच सांगितले.

माझ्याकडूनही एक गोष्ट चुकली. नकली सेट घेऊन ते आले तेव्हा मी गोंद नाकारला, पण तो सेट त्याच दिवशी परत करून या, असे म्हणालो नाही. मापे घेण्यात आणि पार्ट नंबर लिहिण्यात चार दिवस गेले, आणि दुकानदाराने मग पाकीट फाडल्याचे कारण सांगून परत घ्यायला नकार दिला. ते ४५० रुपये वाया गेले. नकली माल घ्यायचाच असेल, तर पाकळ्यांचे माप कागदावर लिहून नेऊन दुकानातच व्हर्नियर मागावा. अशा काही दुकानांत तो असतो.

स्क्रू ड्रायव्हरच्या निर्णयाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. घरी जॅक आणि टॉमी असूनही चाक काढायला माणूस कचरतो, विशेषतः साठीनंतर, आणि ते समजण्यासारखे आहे. ज्याला चाक काढायचे नाही त्याने कॅप बाहेरून उचकटण्याच्या फंदात पडू नये; कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जाऊन चाक उतरवून घ्यावे आणि कॅप मात्र मागून स्वतःच्या हाताने काढावी.

फलित

एकूण खर्च १,०७० रुपये झाला, त्यात नकली सेटचे पैसे धरले आहेत. लॅकर घरातच होते. सात महिन्यांनंतर चाकांची अदलाबदल आणि पुन्हा बॅलन्सिंग करताना गृहस्थ दुकानात फडके गुंडाळलेले लाटणे घेऊन गेले. चाक उतरले की ते स्वतः कॅप काढत, उलटी करून रिंग पाहत आणि खिशात ठेवत. काम झाल्यावर स्वतःच बसवत. दुकानातला तो मुलगा आधी हसला, आणि दुसऱ्या चाकाला लाटणे मागून घेतले. चारही कॅप आज जागेवर आहेत. ओरखड्याच्या जागी मात्र पावसाळ्यानंतर लॅकरखाली पांढरट ठिपका दिसू लागला आहे, आणि ते चाक पुन्हा रंगवायचे की नाही याचा निर्णय अजून झालेला नाही.